स्वप्नांचे दुकान आणि जागेचा भाव

तरुण मुलींचे कपड्यांचे दुकान हा राजकीय विषय नव्हे, असे मानणाऱ्यांची संख्या समाजवादी चळवळीत अजूनही मोठी आहे. गिरणी, शेतमजुरी, रेशन, वीजदर हे विषय खरे. परीकथेतल्या महालासारखे सजविलेले दुकान आणि त्यात हरखून फिरणारी मुलगी हा मात्र पोरखेळ, अशी ही समजूत आहे. फार झाले तर चंगळवादावर चार शब्द सुनवावेत आणि पुन्हा गंभीर कामाला लागावे. ही समजूत सोयीची आहे, पण खरी नाही. ज्या वस्तूवर कष्टकऱ्याची मुलगी आपल्या पहिल्या पगारातले पैसे स्वखुशीने खर्च करते, ती वस्तू कोण शिवतो, कोण विकतो आणि ती जिथे विकली जाते त्या जागेचा धनी कोण, हे प्रश्न राजकारणाचे नसतील तर राजकारण म्हणजे काय, हे एकदा नव्याने सांगावे लागेल.

या प्रश्नांची जवळजवळ सर्व उत्तरे एका दुकानाच्या चरित्रात सापडतात. लंडनच्या केन्सिंग्टन भागातील ‘बिबा’ हे ते दुकान. १९६४ मध्ये ते उघडले आणि १९७५ मध्ये बंद पडले. अवघ्या ११ वर्षांच्या या आयुष्यात त्याच्यावर डाव्यांचा बाँब पडला, भांडवलाचा विळखा पडला आणि अखेर जमिनीच्या व्यापाराने त्याचा घास घेतला. फॅशनच्या इतिहासकारांनी त्यावर भरपूर लिहिले आहे. परंतु त्यातून समाजवाद्यांनी घ्यावयाचा धडा मात्र बहुधा अलिखितच राहिला.

दुकान काढणारी बार्बरा हुलानिकी ही १९३६ मध्ये वॉर्सात जन्मलेली पोलिश मुलगी. तिच्या वडिलांची १९४८ मध्ये जेरुसलेममध्ये हत्या झाली आणि उरलेले कुटुंब इंग्लंडमध्ये आले. ब्रायटनच्या कलाशाळेत शिकून ती वृत्तपत्रांसाठी वस्त्रांची रेखाचित्रे काढू लागली. पती स्टीफन फिट्झ-सायमन जाहिरात व्यवसायातले. या दोघांनी टपालाने कपडे विकण्याचा घरगुती उद्योग सुरू केला आणि त्याला बार्बराच्या धाकट्या बहिणीचे लाडके नाव दिले. १९६४ मध्ये ‘डेली मिरर’ या कामगारवर्गात मोठा खप असलेल्या दैनिकात त्यांच्या एका पोशाखाचे छायाचित्र छापून आले. गुलाबी चौकड्यांच्या कापडाचा बिनबाह्यांचा साधा फ्रॉक, सोबत त्याच कापडाचा डोक्याचा रुमाल, किंमत २५ शिलिंग. सुमारे १७ हजार मागण्या आल्या. त्याच वर्षी अॅबिंग्डन रोडवरील एका जुन्या औषधाच्या दुकानाच्या जागेत ‘बिबा’चे पहिले दुकान थाटले गेले.

या १७ हजार मागण्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्यापूर्वी ब्रिटनमधील तरुण मुलीपुढे दोनच वाटा होत्या. श्रीमंताची असेल तर उंची शिवणघरात जावे. गरिबाची असेल तर आईसारखे कपडे घालून आईसारखे दिसावे. युद्धोत्तर काळात कामाला लागलेल्या टंकलेखिका, दुकानातील विक्रेत्या, टेलिफोन ऑपरेटर यांच्या हाती प्रथमच स्वतःचा पगार आला होता. कल्याणकारी राज्य आणि संघटित कामगार चळवळ यांनी मिळवून दिलेला हा पैसा होता. तो कोठे खर्चावा हे ठरविण्याचा अधिकार या मुलींनी प्रथमच वापरला आणि त्यांनी जे निवडले ते उमरावाच्या बायकोची नक्कल करणारे वस्त्र नव्हते. त्यांच्या वयाचे, त्यांच्या अंगाचे, त्यांच्या ऐपतीचे वस्त्र होते. राजघराण्यातील स्त्री आणि कचेरीतील कारकून मुलगी यांच्या अंगावरच्या कपड्यांवरून त्यांची जात ओळखता येऊ नये, ही गोष्ट ज्याला क्षुल्लक वाटते त्याने या देशातील पेहरावाचा इतिहास आठवावा. कोणी पायात काय घालावे, लुगडे कसे नेसावे, दागिना कोणत्या धातूचा असावा यावर येथे शतकानुशतके बंदी होती. वस्त्र ही शोभा असतेच. ते दर्जाचे प्रमाणपत्रही असते. ते प्रमाणपत्र फाडून टाकण्याची इच्छा ही समतेचीच इच्छा आहे.

दुकानाच्या रचनेतही हीच गोष्ट होती. आत शिरताच मंद प्रकाश, मोठ्याने वाजणारे संगीत, भिंतींना गडद रंग, कुंड्यांत शहामृगाची पिसे आणि लाकडी खुंट्यांच्या झाडांवर टांगलेले कपडे. मुलींनी हवे ते उचलावे, घालून पाहावे, परत टांगावे. ‘काय हवे?’ असे विचारत विक्रेती मागे लागत नसे. ज्या समाजात दुकानदाराची नजर गिऱ्हाइकाच्या चपलांवरून त्याची लायकी ठरवते, त्या समाजात न विचारता, न हटकता फिरू देणे याचे मोल गरिबालाच कळते. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी सराफाच्या किंवा मोठ्या कापड दुकानाच्या पायरीशी घुटमळणाऱ्या बाईला विचारावे. ती हा मुद्दा अधिक चांगला समजावून सांगेल.

दुकान वाढत गेले. १९६६ मध्ये ते केन्सिंग्टन चर्च स्ट्रीटवर आले, १९६९ मध्ये केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर, आणि सप्टेंबर १९७३ मध्ये ‘डेरी अँड टॉम्स’ या जुन्या बड्या दुकानाची १९३३ साली बांधलेली सात मजली इमारतच ‘बिबा’ने व्यापली. या इमारतीत जाणे म्हणजे निव्वळ खरेदीला जाणे नव्हते. तळघरातील खाद्यपदार्थांच्या विभागात सूपचे डबे सुपाच्याच एका राक्षसी डब्यात मांडलेले. कुत्र्यांचे खाणे एका अवाढव्य कुत्र्याच्या पुतळ्यापाशी. मुलांच्या मजल्यावर गोष्टीतला किल्ला आणि फिरते घोडे. पाचव्या मजल्यावर इंद्रधनुष्यी छताखालचे भव्य उपाहारगृह, आणि सर्वांत वर दीड एकराची गच्चीवरची बाग, तिच्यात फ्लेमिंगो. खिशात पैसे नसले तरी तरुण मुलेमुली तेथे तासन्‌तास बसत. शनिवारचा दिवस तेथे घालविणे हा शहरातल्या तरुणांचा शिरस्ता झाला होता.

आता या महालाकडे डोळसपणे पाहावे. येथे फुकट मिळणारी एकच गोष्ट होती: स्वप्न. आणि ते स्वप्न फुकट असण्याचे कारण उघड होते. स्वप्न पाहून झाल्यावर मुलीने काहीतरी विकत घेऊन घरी न्यावे, निदान काजळाची डबी न्यावी, ही त्यामागची अपेक्षा होती. घेवड्याच्या डब्यापासून नखांच्या रंगापर्यंत प्रत्येक वस्तूवर काळ्या-सोनेरी रंगात दुकानाचे नाव छापले होते. मुलांच्या मजल्यावरचा किल्ला हा खेळण्यासाठी होता हे खरे. पण तो खेळ कपड्यांच्या रांगांमध्ये मांडलेला होता हेही तितकेच खरे. चार वर्षांच्या पोराला खेळणे आणि खरेदी यांतील सीमारेषा कळू नये, अशी सोय बाजाराने येथे प्रथमच इतक्या कलात्मकतेने केली. आज जगभरच्या मॉलमध्ये परीराण्यांचे झगे, राजपुत्रांचे मुकुट आणि गुलाबी किल्ल्यांची प्रवेशद्वारे दिसतात, त्यांचे मूळ अशाच प्रयोगांत आहे. ‘बिबा’मध्ये निदान कल्पकता एका हाडाच्या कलावतीची होती, पुढे ती जागतिक कंपन्यांच्या विक्री विभागाकडे गेली.

मात्र सर्वांत मोठा प्रश्न याहून पलीकडचा आहे. दुकानातले स्वप्न दिसत होते. ते शिवणारे हात दिसत नव्हते. आणि ते हात दाखवून देण्याचे काम ज्यांचे होते, त्यांनी त्या काळात काय केले?

१ मे १९७१, कामगार दिन, शनिवारचा दिवस. हाय स्ट्रीटवरील ‘बिबा’च्या दुकानात बाँबचा स्फोट झाला. ‘अँग्री ब्रिगेड’ या लहानशा गुप्त गटाने पत्रक काढून त्याची जबाबदारी घेतली. पत्रकाचा आशय असा होता की, असली दुकाने म्हणजे आधुनिक गुलामगिरीची ठाणी आहेत, तेथील विक्रेत्या मुलींना एकसारखे कपडे आणि एकसारखी रंगरंगोटी करून उभे केले जाते, भांडवलशाहीपाशी आता मागे पाहण्यावाचून काही उरलेले नाही, आणि अशा ठाण्यांशी एकच व्यवहार शक्य आहे, ती उद्ध्वस्त करणे. सुदैवाने कोणाचा प्राण गेला नाही. पुढे ओल्ड बेलीच्या न्यायालयात आठ जणांवर खटला चालला. मे ते डिसेंबर १९७२ असा तो चालला आणि चौघांना प्रत्येकी १० वर्षांची शिक्षा झाली. चौघे निर्दोष सुटले.

या कृत्याचा निषेध करताना नुसते ‘हिंसा वाईट’ म्हणून थांबणे पुरेसे नाही. त्यातील राजकीय दिवाळखोरी दाखविली पाहिजे. विक्रेत्या मुली गुलाम आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांनी त्या मुलींना संघटित करण्याचा विचार केला नाही. त्यांना विचारलेही नाही. त्या जिथे उभ्या राहून काम करीत होत्या तिथेच, गर्दीच्या दिवशी, स्फोटके ठेवली. गुलामाच्या मुक्तीसाठी गुलामासकट घर पेटविण्याचा हा प्रकार होता. आणि दुकानात जमलेल्या शेकडो मुलींबद्दल त्यांच्या मनात काय होते? केवळ तुच्छता. या मुलींना काही कळत नाही, त्या बाजाराच्या बाहुल्या आहेत, ही ती तुच्छता. कामगाराच्या लेकीला सुंदर दिसावेसे वाटते यात क्रांतीचा द्रोह दिसणाऱ्या माणसाचे क्रांतीशी काहीच नाते नसते. त्याला जनता हवी असते, पण जशी आहे तशी नको असते.

याच काळात खऱ्या उत्तराचा पाठ इंग्लंडमधल्याच दोन ठिकाणी घातला गेला होता, आणि तो घालणाऱ्या स्त्रियाच होत्या. जून १९६८ मध्ये डॅगनहॅम येथील फोर्ड कारखान्यात मोटारींच्या आसनांची आच्छादने शिवणाऱ्या १८७ स्त्रियांनी संप केला. त्यांच्या शिवणकामाला ‘अकुशल’ ठरवून पुरुषांहून कमी वेतन दिले जात होते. तीन आठवड्यांच्या संपाने मोटारींचा अवघा कारखाना ठप्प झाला. या संपाच्या रेट्यामागून १९७० चा समान वेतन कायदा आला. दुसरा पाठ फेब्रुवारी १९७० मध्ये लीड्सला घातला गेला. तयार कपड्यांच्या या शहरात कामगार संघटनेच्या नेत्यांनी मालकांशी जो करार केला त्यात स्त्रियांना पुरुषांहून कमी वाढ मिळणार होती. तेव्हा सुमारे २० हजार शिवणकामगार संघटनेच्या परवानगीची वाट न पाहता रस्त्यावर आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यापर्यंत मोर्चे निघाले आणि मागणी एकच होती: ताशी एक शिलिंग वाढ, बाई असो वा पुरुष. काही आठवड्यांत तो संप मागे घ्यावा लागला. पण त्याने जे सांगितले ते स्फटिकासारखे स्वच्छ होते.

या स्त्रियांनी सुंदर कपड्याविरुद्ध ब्र काढला नाही. त्या स्वतः सुंदर कपडे शिवीत होत्या, आणि संधी मिळाली तर घालीतही असतील. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, शिवणाऱ्या हाताला शिवणीची किंमत मिळाली पाहिजे. लीड्सच्या त्या संपानंतर १५ महिन्यांच्या आत लंडनमध्ये बाँब ठेवणाऱ्यांना या मोर्चांची आठवण झाली असती, तर त्यांनी आपली शक्ती दुकानाच्या तळघरात नव्हे, शिवणघराच्या दारात खर्च केली असती. बाँबने एक दिवस दुकान बंद पडते. संघटनेने मजुरी वाढते, आणि ती वाढल्यावरही दुकान चालू राहते. समाजवाद्याला हा फरक कळला पाहिजे.

आता दुकानाच्या शेवटाकडे वळावे. ‘बिबा’ला डाव्यांच्या बाँबने संपविले नाही. त्याला भांडवलाने संपविले, आणि तेही कोणताही आवाज न करता.

१९६९ मध्ये मोठ्या जागेसाठी पैसा हवा म्हणून हुलानिकी दांपत्याने कंपनीची बहुतांश मालकी दुसऱ्यांच्या हाती दिली. तीत मुख्य हिस्सा ‘डोरोथी पर्किन्स’ या कपड्यांच्या साखळी दुकानांच्या कंपनीचा. १९७३ मध्ये ही कंपनीच ‘ब्रिटिश लँड’ या जमीन-इमारतींचा व्यवहार करणाऱ्या कंपनीने विकत घेतली. म्हणजे ज्या वर्षी महाल उघडला, त्याच वर्षी तो कपडे विकणाऱ्यांच्या हातून जागा विकणाऱ्यांच्या हाती गेला. पुढचे सर्व यातच लिहिलेले होते. त्या शरद ऋतूत तेलाचे भाव भडकले, खाणकामगारांचा संघर्ष पेटला, जानेवारी ते मार्च १९७४ या काळात वीज वाचविण्यासाठी उद्योगांवर तीन दिवसांचा आठवडा लादला गेला, आणि इमारतींचा फुगलेला बाजार कोसळला. दुकान तोट्यात होते हे नाकारण्याचे कारण नाही. पाहणारे पुष्कळ, घेणारे थोडे, आणि उचलून नेणारेही कमी नव्हते. पण तोटा भरून काढायचा, दुकान आटोपशीर करायचे, की इमारतच मोकळी करून दुसऱ्याला द्यायची, याचा निर्णय ना दुकान उभारणाऱ्यांच्या हाती होता, ना तेथे काम करणाऱ्यांच्या, ना तेथे येणाऱ्यांच्या. जमिनीच्या धन्याला सात मजले हवे होते; त्या मजल्यांवर काय चालते हे त्याच्या दृष्टीने गौण होते. १९७५ मध्ये दुकान बंद झाले. इमारत पुढे ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ आणि ‘ब्रिटिश होम स्टोअर्स’ यांच्याकडे गेली. हुलानिकीच्या हातून दुकान तर गेलेच, पण बहिणीचे नावही गेले. ते नाव पुढे एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे विकले जात राहिले. माणसाच्या घरातले लाडाचे नाव मालमत्ता होऊन बाजारात फिरते आणि नाव ठेवणाऱ्यालाच ते वापरता येत नाही, याहून भांडवलशाहीचे नेमके चित्र कोणता व्यंगचित्रकार काढणार?

योगायोग असा की, फोर्डच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी मिळविलेला समान वेतन कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो २९ डिसेंबर १९७५ रोजी. त्याच वर्षी महाल गेला. विकत घेतलेले स्वप्न ११ वर्षांत संपले. लढून मिळविलेला हक्क, कितीही अपुरा असला तरी, शिल्लक राहिला.

मुक्त बाजाराचे समर्थक येथे म्हणतील की, यात विशेष काय आहे? धंदा चालला नाही, बंद पडला, दुसरा आला. बाजार असाच शहाणा असतो. हा युक्तिवाद तपासून पाहावा. बाजार शहाणा असता तर त्याने गिऱ्हाइकाला काय हवे याचा विचार केला असता. येथे गिऱ्हाइकाची गर्दी होती आणि जागेचा हिशेब वेगळा होता. जेथे जमीन हीच सर्वांत मोठी वस्तू बनते तेथे तिच्यावर चालणारा प्रत्येक उद्योग, मग ते कपड्यांचे दुकान असो वा कापडाची गिरणी, हा केवळ पुढचा भाव येईपर्यंतचा भाडेकरू ठरतो.

गिरणीचे नाव येथे अलंकार म्हणून आलेले नाही. हाच हिशेब मुंबईत अधिक क्रूरपणे मांडला गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या मरू दिल्या गेल्या, कारण कापडापेक्षा खालची जमीन महाग झाली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करण्याचा नियम घातला: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे केवळ मुळात मोकळ्या असलेल्या जागेपुरते उरले, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. आज लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात झगमगते बाजारसंकुल उभे आहे. जेथे कापड विणले जाई तेथे आता कपडे विकले जातात. लहान मुलांसाठी सजविलेल्या दालनांत त्या चिमण्या पोशाखांकडे पाहत फिरणाऱ्यांत एखाद्या गिरणी कामगाराची नातही असेल. आजोबाने जेथे कापड विणले तेथे ती आज गिऱ्हाईकही नाही. ती प्रेक्षक आहे. केन्सिंग्टनची मुलगी निदान २५ शिलिंगांचा फ्रॉक घेऊन घरी जात होती.

आणि त्या पोशाखांची शिवण कोठे होते? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. त्या इमारतीतल्या बँकेने आपली शाखा बंद ठेवली. शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. तेथून ज्यांचा माल जात होता त्यांत केवळ मुलांचेच कपडे विकणारी ‘चिल्ड्रेन्स प्लेस’ ही अमेरिकन कंपनीही होती. परीकथेतील राजवाड्यासारख्या दुकानांच्या युगाने शिवणाऱ्यांना जो राजवाडा दिला तो असा होता. या दुर्घटनेनंतर, मे २०१३ मध्ये, कामगार संघटना आणि वस्त्र कंपन्या यांच्यात इमारतींच्या सुरक्षिततेचा करार झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक होता. २०० हून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. या सह्या कोणाच्या हृदयपरिवर्तनाने झाल्या नाहीत. मृतांचा आकडा जगापुढे होता, संघटना पाठीशी होत्या आणि युरोप-अमेरिकेतील गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभे राहून प्रश्न विचारू लागले होते, म्हणून झाल्या. म्हणजे खरेदी करणारी तरुण मुलगी ही केवळ बाजाराची बाहुली नसते. तिला माहिती मिळाली आणि शिवणाऱ्या बहिणीचा चेहरा दिसला, तर ती लढाईतील साथीदार होते. ज्यांनी १९७१ मध्ये तिला शत्रूच्या गोटात ढकलले त्यांना हे उमगलेच नव्हते.

महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीला या बाबतीत स्वतःच्या एका संस्काराचीही तपासणी करावी लागेल. खादीचा आणि साधेपणाचा संस्कार थोर आहे. ज्या पिढीने परदेशी कापडाची होळी केली, तिने वस्त्राला राजकीय अर्थ दिला, आणि तोही कपडा हिणवून नव्हे, तो विणणाऱ्याला मान देऊन. पण पुढे या साधेपणाचे अनेक ठिकाणी सोवळ्यात रूपांतर झाले. शिबिरात रंगीत ओढणी घेऊन आलेल्या मुलीकडे ज्येष्ठांनी कपाळाला आठ्या घालून पाहावे, हा प्रकार परका नाही. साधेपणा हे व्रत त्याचेच असते ज्याला निवड करता येते. दिवाळीला एकाच ताग्यातून बापाचा सदरा, पोरांचे शर्ट आणि पोरीचा झगा बेतणाऱ्या घरातल्या मुलीने साधेपणा निवडलेला नसतो. तो तिच्यावर लादलेला असतो. तिला पहिल्या पगारात आपल्या आवडीचा, आपल्या मापाचा, कोणाचा उतरलेला नव्हे असा पोशाख घ्यावासा वाटला, तर तिला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिला सांगायचे असेल तर एवढेच सांगावे की, हा पोशाख ज्या बाईने शिवला तिलाही असाच एक घेता आला पाहिजे.

यातून कामाची दिशा स्पष्ट होते. मुंबई, सोलापूर, इचलकरंजी, भिवंडी येथे तयार कपड्यांच्या आणि कापडाच्या धंद्यावर लाखो संसार चालतात. घरी बसून नगावर काज-बटण करणाऱ्या, धागे कापणाऱ्या, टिकल्या लावणाऱ्या स्त्रिया कोणत्याही हजेरीपटावर नसतात. त्यांना कामगार म्हणून मोजावे, नगाच्या मजुरीला किमान वेतनाचा आधार असावा, ही मागणी वस्त्यावस्त्यांतून उठली पाहिजे. घरबसल्या काम करणाऱ्यांच्या हक्कांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये केलेल्या १७७ क्रमांकाच्या कराराला भारताने मान्यता दिलेली नाही. ती देण्यासाठी सरकारला भाग पाडले पाहिजे. कपडा कोठे आणि कोणत्या कारखान्यात शिवला हे विकणाऱ्याने जाहीर करावे, ही मागणी महाविद्यालयातल्या तरुणांना सहज पटेल अशी आहे. त्यांच्या संघटनांनी ती हाती घ्यावी. आणि शहरातील जमीन ही जुगाराची चीज नव्हे, तीवर राहणाऱ्यांचा आणि राबणाऱ्यांचा पहिला हक्क आहे, हे गिरणगावाच्या लढ्याचे सूत्र जुने झालेले नाही. मुलांना खेळायला किल्ला हवा, फिरते घोडे हवेत, फुलबाग हवी; पण त्या किल्ल्याच्या दारात किमतीची चिठ्ठी असता कामा नये. ज्या जागा मैदाने, बागा आणि वाचनालये यांसाठी राखल्या होत्या त्यांवर दुकानांचे महाल उभे राहिले, आणि मग मुले दुकानातच खेळायला शिकली. हा मुलांचा दोष नव्हे.

सौंदर्याची भूक ही भाकरीच्या भुकेनंतर येते असे मानणे ही श्रीमंतांनी गरिबांविषयी करून घेतलेली समजूत आहे. गरिबाच्या झोपडीच्या दारातही रांगोळी असते, मजुराच्या बाईच्या केसांतही अबोलीचा गजरा असतो. भांडवलशाहीने ही भूक ओळखली, तिची दुकाने काढली आणि नफा संपताच ती बंद केली. समाजवाद्यांनी ती ओळखली नाही, तर तरुण पिढी दुकानातच राहील आणि सभागृहे रिकामी राहतील. जी चळवळ कष्टकऱ्यांच्या मुलीला सांगते की तुझा सुंदर कपड्याचा हट्ट रास्त आहे, तो शिवणाऱ्या बाईचा मजुरीचा हट्टही रास्त आहे, आणि या दोन्ही हट्टांच्या आड उभा असलेला धनी एकच आहे, त्या चळवळीत ही मुलगी येईल. आणि येताना रंगीत ओढणी घेऊन येईल. तिचे स्वागत झाले पाहिजे.